शेड कार्ड : एक रसग्रहण

मराठी समीक्षकांनी शेड कार्ड या वाङ्मयप्रकाराची म्हणावी तशी दखल घेतलेली नाही. कथा, कादंबरी, नाटक, झालंच तर दिवाळी अंक, इथपर्यंत आमची समीक्षा येते आणि धाप लागून बसते. पण रंगाच्या दुकानात गल्ल्याशेजारी साखळीनं बांधून ठेवलेला तो जाडजूड ग्रंथ कुणी साक्षेपानं वाचल्याचं माझ्या ऐकिवात नाही. साखळीनं बांधलेलं पुस्तक म्हणजे काहीतरी मौल्यवान असणार, एवढं तरी समीक्षकांच्या लक्षात यायला हवं होतं.

मला हा ग्रंथ अथपासून इतिपर्यंत वाचावा लागला, त्याला कारण घडलं. मुलगी दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी यायची होती, आणि मागची खोली रंगवून घ्यावी असं आमच्या घरात ठरलं. आमच्या घरात ठरतं म्हणजे सौ. ठरवते आणि मी ते जाहीर करतो. “तुम्ही काही करू नका, फक्त रंग तेवढा निवडून या,” असं मला सांगण्यात आलं. ज्यांनी कधी रंग निवडलेला नाही त्यांनाच या वाक्यातलं ‘फक्त’ खरं वाटेल.

प्रथम ग्रंथाचं बहिरंग पाहू. आकार उभट. बांधणी एकाच कोपऱ्यात खिळा ठोकून केलेली, त्यामुळे ग्रंथ हातपंख्यासारखा उलगडतो आणि मे महिन्यात आपल्या शहरात त्याचा तसा उपयोगही होतो. कथानक नाही, पण पात्रं हजाराच्या वर. पात्रपरिचय मात्र अपुरा. पहिल्या चाळीस पानांत सगळी मंडळी पांढरी आहेत. एक पांढरा सकाळच्या धुक्याचा, एक मोत्याचा, एक हंसाचा, एक नुसताच ‘शांत’. मी चष्मा लावून, काढून, पुन्हा लावून पाहिलं. दुकानदार म्हणाला, “काका, फरक भिंतीवर गेल्यावर कळतो.” हे तर नवकवितेबद्दल आम्हाला कॉलेजात सांगत तसंच झालं, तिथंही फरक परीक्षेत गेल्यावरच कळायचा.

ग्रंथाची भाषा हा माझा पहिला आक्षेप. सगळी पात्रं इंग्रजीत बोलतात. एकाचं नाव ‘मॉर्निंग व्हिस्पर’, दुसऱ्याचं ‘समर लिनन’, तिसऱ्याचं ‘ट्रँक्विल सॉमेथिंग’. सकाळ कुजबुजते म्हणजे कोणत्या रंगात, हे मला कळेना. आमच्या गल्लीतली सकाळ तरी कुजबुजत नाही. ती पाण्याच्या टँकरला मोठ्यानं हाका मारते. बरं, मराठीत रंगांना नावांचा दुष्काळ आहे म्हणावं तर तसंही नाही. हे दुकान सोडून चार पावलं गुलमंडीकडे चाला आणि कुठल्याही साडीच्या दुकानाच्या गादीवर बसा. पैठण याच जिल्ह्यातलं, त्यामुळे रंगाच्या बाबतीत इथं कुणी अडाणी नाही. अबोली, आमसुली, अंजिरी, डाळिंबी, चिंतामणी, मोरपंखी, पोपटी, केतकी, श्रीखंडी, दुधी, राखी, विटकरी! समोरची बाई नुसतं “जरा उतरता आमसुली दाखवा” म्हणते, आणि गादीवरचा माणूस पाचशे साड्यांतून तीच ओढून काढतो. ना नंबर, ना यंत्र. ‘उतरता आमसुली’ या दोन शब्दांत जेवढं वर्णन आहे, तेवढं या संपूर्ण ग्रंथात नाही.

भिंतीचीही आपली भाषा होती. चुना, नीळ, काव, पिवडी, गेरू. माझ्या लहानपणी दिवाळीच्या आधी चुन्याची ढेकळं पिंपात भिजत घालायची, ती खदखदायची आणि मुलांनी लांब उभं राहायचं. चुन्यात नीळ किती टाकायची यावरून घरात जेवढा वाद व्हायचा तेवढाच रंगनिवडीचा विषय असे. चुन्यात पिवडी पडली की खोली पिवळी, नीळ पडली की निळसर, आणि दोन्ही पडली की ज्यानं टाकली त्याची पाठ लाल. शेड कार्ड संपलं.

आता ग्रंथाच्या परिशिष्टाकडे वळतो, कारण खरा वाद तिथं आहे. परिशिष्टाचं नाव ‘बालविश्व’. त्यात दोन पानं समोरासमोर आहेत. डाव्या पानावर गुलाबी खोली, तीत परी, फुलपाखरं, बाहुली. उजव्या पानावर निळी खोली, तीत रॉकेट, मोटारगाडी, फुटबॉल. म्हणजे मुलगी असेल तर तिनं गुलाबी भिंतीकडे बघत बाहुलीला थोपटावं आणि मुलगा असेल तर त्यानं निळ्या भिंतीतून थेट चंद्रावर जावं. हा निळ्या-गुलाबीचा नियम जणू वेदकालापासून चालत आला आहे अशा थाटात छापलेला असतो. वास्तविक तो आपला तर नाहीच, आणि ज्यांचा आहे त्यांच्याकडेही फार जुना नाही. अमेरिकेतल्या लहान मुलांच्या कपड्यांच्या एका व्यापारी मासिकानं १९१८ साली नेमकं उलटं सांगितलं होतं : गुलाबी हा ठसठशीत रंग, तो मुलांना, निळा नाजूक, तो मुलींना. पुढे वाऱ्याची दिशा फिरली आणि परी निळ्यातून गुलाबीत राहायला गेली. आपल्याकडे तर आजीच्या जुन्या लुगड्याची दुपटी निघत. लुगडं ज्या रंगाचं, बाळ त्या रंगाचं. नातू असो वा नात, हिरव्या लुगड्यात सारखंच ओलं होत असे.

पण माझा आक्षेप इतिहासाचा नाही. हे परिशिष्ट वाचकाला एक प्रश्न विचारतं, आणि तो प्रश्न विचारायला या देशात बंदी आहे. बाळ जन्मायच्या आधी खोली रंगवायची म्हटली की निळा की गुलाबी हे कसं ठरवणार? ते ठरवायला जी माहिती लागते ती सांगणं हा गुन्हा आहे. त्यासाठी देशात सर्वांत आधी कायदा केला तो आपल्या महाराष्ट्रानं, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४ चा. सोनोग्राफीच्या प्रत्येक केंद्रात तशी पाटी लावावी लागते. आणि ती पाटी उगीच नाही. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे मुली किती होत्या, तर आमच्या जिल्ह्यात ८५८, आणि शेजारच्या बीडमध्ये ८०७. निसर्गाचा हिशेब साधारण साडेनऊशेचा असतो. उरलेल्या कुठे गेल्या, हे कुठल्याही शेड कार्डात सापडत नाही. त्यामुळे डाव्या पानावरची ती गोड गुलाबी खोली पाहून मला कौतुक वाटण्याऐवजी वाटलं, या खोल्यांपैकी कितीतरी रिकाम्याच राहिल्या असतील.

रंगारी चाचा खोली बघायला आले तेव्हा त्यांनीही टेप लावता लावता सहज विचारलं, “साब, लडका है के लडकी? आजकल उस हिसाब से कलर लगते.”

मी म्हटलं, “चाचा, अजून कोणीच नाही. जो येईल तो.”

“तो फिर सफेद मारो साब,” चाचा म्हणाले. “दोनों को चलता.”

परिशिष्टाच्या लेखकापेक्षा चाचांचं वाङ्मयीन भान अधिक प्रगल्भ वाटलं.

आमच्या भगिनींचं मात्र तसं नव्हतं. त्या दुपारच्या चहाला आल्या आणि शेड कार्डावर बोट ठेवून म्हणाल्या, “निळाच द्या. पहिली मुलगी आहे ना, मग यंदा शुभ बोलावं माणसानं.” शेजारच्या काकूंनी मान डोलावली. मुलीच्या सासरहूनही फोनवर ‘निळा छान दिसतो हं’ असा सल्ला आला होता, तो वास्तुशास्त्राचा नव्हता हे सर्वांना कळत होतं. सौ.नं चहाचे कप उचलले आणि स्वयंपाकघरात जाता जाता म्हणाली, “वन्सं, निळी भिंत बघून कुणी पोटात बदलत नाही.”

विषय तिथं संपला असता. पण आमची पाच वर्षांची नात आईच्या आधीच आठवडाभर आमच्याकडे येऊन राहिली होती, आणि ती पलंगाखाली बसून सगळं ऐकत होती. मोठी माणसं जे हळू बोलतात ते मुलांना जास्त स्पष्ट ऐकू येतं. रात्री अंथरुणावर तिनं मला विचारलं, “आजोबा, माझ्या वेळी कोणता रंग दिला होता?”

तिच्या वेळी आम्ही रंग दिला नव्हता. खोली होती तशीच होती, जुन्या डिस्टेंपरची, कोपऱ्यात ओल आलेली. ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “मग निळा का नाही दिला? शुभ बोलायचं विसरलात?”

गेली कित्येक वर्षं मी लोकांच्या पुस्तकांवर बरंवाईट बोलत आलो आहे. एवढा नेमका प्रश्न मला कुठल्या लेखकानंही विचारला नव्हता. मी म्हटलं, “तुझ्या वेळी आम्हाला रंग सुचलाच नाही. तू येणार, एवढंच सुचत होतं.” तिनं थोडा विचार केला आणि हे उत्तर पटल्यासारखी झोपली. मी बराच वेळ जागा होतो. निळ्या रंगाचा निकाल त्या रात्री लागला.

माझा दुसरा आक्षेप असा की, या ग्रंथाला आपला वाचक कोण हेच माहीत नाही. ‘बाळाच्या डोळ्यांना सुखद’ असं जिथं तिथं छापलं आहे. नवजात बाळाला वीत-दीड वितीपलीकडचं धड दिसत नाही. त्यातही त्याला काळ्या-पांढऱ्यासारखा ठळक फरक आधी कळतो, आणि रंग मोठ्या माणसासारखे दिसू लागायला चार-पाच महिने जातात. म्हणजे ‘मॉर्निंग व्हिस्पर’ आणि ‘समर लिनन’ यांतला भेद त्याला माझ्याइतकाच कळतो. बाळ भिंतीकडे बघत नाही, ते आईच्या तोंडाकडे बघतं. निसर्गानं अंतर बरोबर तेवढंच ठेवलं आहे. भिंतीकडे बघते ती बाळंतीण. सव्वा महिना, रात्री दोनला, चारला, मांडीवर बाळ घेऊन, समोरच्या भिंतीकडे. पण संपूर्ण ग्रंथात तिचा उल्लेख नाही. आपल्याकडे तर बाळाची वेगळी खोली ही चीजच नाही. जी आहे ती बाळंतिणीची खोली, आणि बाळ हे तिथलं पाहुणं.

ही गोष्ट आमच्या शहरानं तरी विसरू नये. आमच्या शहराची ओळख म्हणून परगावच्यांना जी इमारत दाखवतात, ती एका बाळंतिणीची आहे. दिलरस बानू बेगम १६५७ साली बाळंत झाली आणि महिन्याभरात गेली. तिच्या थोरल्या मुलानं, आझमशहानं, तिच्यासाठी बिबीका मकबरा बांधला असं सांगतात. पाहुणे त्याला ताजमहालाची गरिबाघरची आवृत्ती म्हणून हसतात. कारण संगमरवर खाली कमरेएवढ्या उंचीपर्यंत आणि वर घुमटाला. मधे सगळा काळा दगड आणि त्यावर पांढरा गुळगुळीत गिलावा. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. खाली ऑइल पेंटचा पट्टा आणि वर स्वस्तातलं डिस्टेंपर, हे आपण सगळे करतोच. बादशहाच्या घरातही कुणीतरी ‘अहो, एवढा कशाला खर्च’ म्हणणारं होतं, एवढाच त्याचा अर्थ. पण त्या खर्चाच्या चर्चेत बाई कशानं गेली हे कुणी विचारत नाही.

म्हणून मी मुलीलाच फोन केला. तोवर तिला सोडून बाकी सगळ्यांची मतं घेऊन झाली होती. ती म्हणाली, “बाबा, रंग कुठलाही द्या, पण वास जाईल एवढे दिवस आधी द्या. आणि चकचकीत नको, रात्री दिवा लावला की डोळ्यांवर येतं.” मग जरा थांबून म्हणाली, “आईची ती केतकी साडी आहे ना, तसा मिळाला तर बघा.”

हजार नावांच्या ग्रंथात नव्हतं ते नाव असं मिळालं. ओळखीच्या एक परिचारिकाबाई आहेत, त्यांनी फक्त एक बजावलं : पिवळ्याकडे झुकणारा असेल तर अगदी फिका घ्या, आणि बाळ पिवळं दिसतंय का ते खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात बघा; गडद पिवळ्या खोलीत सगळीच बाळं पिवळी दिसतात. मी साडी पिशवीत घालून दुकानात गेलो. दुकानदारानं पदर यंत्राखाली धरला, यंत्रानं विचार केला आणि एक नंबर सांगितला. नंबराशेजारचं इंग्रजी नाव मी वाचलं नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. रंग दिसतो कसा यावर ग्रंथात पानंच्या पानं आहेत. तो लागतो कसा, यावर ओळ नाही. लागतो म्हणजे जिभेला. रांगतं मूल भिंत बघत नाही, चाटतं. खिडकीच्या चौकटीला दात शिवशिवतात म्हणून चावतं. जुन्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या-नारिंगी छटांत, शिसं असायचं. त्याचे पोपडे गोडसर लागतात, आणि ते शिसं पोटात गेलं की मुलाच्या मेंदूवर जातं. मग कुणी म्हणतं, ‘मूल जरा मंदच आहे.’ आपल्याकडे त्याचे नियम झाले २०१६ साली : १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसं असता कामा नये. म्हणजे नवा डबा घेताना त्यावरची बारीक अक्षरं वाचावीत. पण डब्यापेक्षा धोका जुन्या थरांचा. दारं-खिडक्यांचा वीस-तीस वर्षांपूर्वीचा रंग कोरड्या पॉलिश पेपरनं घासला की त्याची धूळ घरभर होते. चाचांना मी पाणी मारून घासायला सांगितलं, आणि घासणं चालू असताना नातीला आत्याआजीकडे पाठवलं. तिथं तिनं म्हणे विचारलं, “तुमच्या घरी कुणासाठी निळा रंग दिलाय?” भगिनींचा दिवाणखाना निळा आहे.

ग्रंथात ‘धुता येतो’ हा गुण मात्र चौदा ठिकाणी सांगितला आहे. पाण्याचे वार मोजून बादल्या भरणाऱ्या गावात भिंती धुण्याची कल्पना म्हणजे अद्भुतरस. ‘चकचकीत जादा हात’ द्यायचाही आग्रह आहे. जादा हाताबद्दल इथून शंभरेक किलोमीटरवर चौकशी करावी. अजिंठ्याची चित्रं टिकावीत म्हणून निजामाच्या सरकारनं १९२० साली इटलीहून दोन जाणकार आणले. त्यांनी चित्रांवर वॉर्निशचा हात दिला, तो पुढे पिवळा पडला, आणि तो काढता काढता पुढच्या लोकांच्या नाकी नऊ आले.

अजिंठ्याचा विषय निघालाच आहे तर तुलनात्मक समीक्षाही करून टाकतो. दोन नंबरच्या लेण्यात उजव्या हाताला हारितीचं छोटं दालन आहे. हारिती मूळची लोकांची मुलं खाणारी. तिला पाचशे मुलं होती. बुद्धांनी त्यांतलं धाकटं लपवलं, तेव्हा एक मूल गेलं म्हणजे काय होतं ते तिला कळलं, आणि ती मुलांची राखणदार झाली. आपल्या सटवाईची लांबची बहीणच म्हणा. तिच्या मूर्तीच्या पायथ्याशी मुलांची रांग कोरली आहे. एका टोकाला छडीवाले गुरुजी आणि त्यांच्यापुढे शिकणारी शहाणी मुलं; गुरुजींपासून जसजसं लांब जावं तसतसा अभ्यास संपतो आणि एडक्यांची टक्कर सुरू होते. कडेच्या भिंतींवर बायका-मुलांची चित्रं आहेत. आमच्या जिल्ह्यातली सर्वांत जुनी बालखोली म्हणायची तर हीच. रंग किती? गेरू, पिवडी, हिरवी माती, काजळी, चुन्यासारखा पांढरा, आणि अफगाणिस्तानाहून आलेला महागाचा निळा. तो निळा त्यांनी जिथं चित्राला हवा तिथं वापरला. मुलगा आहे म्हणून नव्हे. दीड हजार वर्षं झाली, त्या बायका अजून ताज्या आहेत. पाचशे मुलांत एक कमी झालेलं जिला सोसलं नाही, तिची ही खोली. आणि हजारांमागे शंभर-दीडशे कमी झालेल्या ज्यांना कळल्याही नाहीत, त्यांची ती गुलाबी-निळी पानं. तुलना मी इथंच थांबवतो.

सारांश, शेड कार्ड हा ग्रंथ परिश्रमपूर्वक सिद्ध केलेला असला तरी त्याच्या पुढील आवृत्तीत काही सुधारणा व्हाव्यात. पात्रांची नावं साडीच्या गादीवरून घ्यावीत. शिशाचं प्रमाण मोठ्या टायपात छापावं. पहिल्या पानावर ‘या खोलीत झोपणार कोण, आणि तिला विचारलंत का?’ एवढी एक ओळ असावी. आणि ‘बालविश्व’ हे परिशिष्ट गाळावं. गाळणं जमत नसेल तर ती दोन पानं एकमेकांना चिकटवून टाकावीत. चाचांच्या डब्यात त्याजोगा गोंद असतो.

मुखपृष्ठ आकर्षक. छपाई सुबक. मूल्य काहीही नाही.